ऑफ-शोल्डर : आधी हात वर करून दाखवा!

रावपुऱ्याची_मैना

नमस्कार मंडळी,

धागा कपड्यांचा आहे. 'हा काय विषय झाला' असं ज्यांना वाटतंय त्यांनी इथूनच सेवउसळ खायला सुटावं, राग नाही.

डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे. आदल्या दिवशी गरबा (बडोद्यात मराठी लग्न असलं तरी गरबा चुकत नाही, देवक एकवेळ उशिरा बसेल), दुसऱ्या दिवशी लग्न आणि संध्याकाळी रिसेप्शन. रिसेप्शनला मला आईची फिक्या मोतिया रंगाची चंदेरी नेसायचीय आणि तिच्यावर ऑफ-शोल्डर ब्लाउज शिवायचाय. वय अडतीस. दोन मुलं. दंड काही सडपातळ वगैरे नाहीत.

आता हे डोक्यात कुठून आलं? तीन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीकडच्या समारंभात तिच्या आत्येसासूबाई बघितल्या. साठीच्या असतील. काळा साधा ब्लाउज, गळा एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत सरळ आडवा, आणि गळ्यात फक्त ठुशी. बाकी काही नाही. मी तासभर त्यांच्याकडे बघत होते आणि नेमकं काय आवडतंय तेच कळेना. मग लक्षात आलं, बाईंनी संबंध संध्याकाळ एकदाही ब्लाउज वर-खाली ओढला नव्हता. जेवल्या, वाकून पाया पडून घेतलं, नातवाला कडेवर घेतलं. कपडा जिथे होता तिथेच.

मग मी त्याच वर्षी नवरात्रात हौसेने ऑफ-शोल्डर चोळी शिवून घेतली. गल्लीतल्याच एका मास्तरांकडून. पहिल्या दोन टाळ्यांत खांद्यावर चढली. तीन टाळीला हात वर गेले तशी पार मानेपाशी आली. मी खाली ओढली, ती परत वर. शेवटी दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून पेंग्विनसारखा गरबा खेळले. मुलगी म्हणाली, "आई, तुझा हात दुखतोय का?"

तर प्रश्न दोन. एक, हा प्रकार अंगावर टिकवायचा कसा? दोन, आमच्याकडे आजी (८७, दांडियाबाजारातल्या जुन्या वाड्यात वाढलेली) पाठ उघडी असलेली चणियाचोळी चालवून घेते, पण खांदा म्हटला की तोंड फिरवते. हे असं का? तुमच्याकडे काय?

मांडवीखालचा

रुमाल टाकून ठेवतो. बायकोला वाचायला देतो.

कडू_कारलं

आपली संस्कृती, आपलं सौंदर्य पदरात आहे. खांदे उघडे टाकून फिरणं ही पाश्चात्त्यांची नक्कल. बाकी चालू द्या.

निवृत्त_मास्तरीण

कारलेसाहेब, आमचे आजोबा रोज सकाळी सोवळं नेसून, उघड्या खांद्यांनी, तासभर पूजा करत. पाऊस असो, थंडी असो. घरात येणारे-जाणारे बघत. त्यांना कुणी पाश्चात्त्य म्हणालं नाही. बौद्ध भिक्खू चीवर नेसताना उजवा खांदा मोकळा ठेवतात, तो तर आदर दाखवायला. तेव्हा खांदा मुळात पवित्र की अपवित्र, हे तो कुणाचा आहे यावर ठरतं का, ते कळवा.

कडू_कारलं

विषय बायकांच्या कपड्यांचा चालला होता.

निवृत्त_मास्तरीण

तेच म्हणतेय.

धागेदोरे

मैना, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर आधी लिहिते. इथे सयाजीराव विद्यापीठात कपडे आणि वस्त्र हाच विषय शिकले, त्यामुळे हात शिवशिवतायत.

आजीचं तर्कशास्त्र मला अगदी बरोबर वाटतं. म्हणजे तिच्या जागेवरून बरोबर. गुजरातेत, विशेषतः कच्छ-सौराष्ट्रात, बायकांचं कापडुं पाठीवर उघडंच असतं. पुढून पूर्ण झाकलेलं, भरतकामाने, आभल्यांनी मढवलेलं, आणि मागे नुसत्या कसण्या. वरून ओढणी येते. नवरात्रातली बॅकलेस चोळी आपल्याला आजची फॅशन वाटते, पण घाट तिथलाच आहे. म्हणून बडोद्यात उघड्या पाठीकडे कुणी वळून बघत नाही. आता आपली मराठी खणाची चोळी घे. पाठ झाकलेली, पुढे गाठ, आणि पोट सताड उघडं! नऊवारीतल्या पणजीचं पोट दिसलं तर कुणाला काही वाटत नव्हतं. प्रत्येकाने आपापली एक खिडकी ठरवून घेतलीय. पाठ चालते, पोट चालतं. खांद्याला आपल्याकडे परवानगी नव्हती कारण तिथे पदर राहतो. 'पदर ढळणे' हा शब्दप्रयोगच बघ. बडीलधाऱ्यांसमोर दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायचा, ही रीत तुझ्या आजीने आयुष्यभर पाळली असणार. तिच्या दृष्टीने तू ब्लाउजचा गळा खाली नेत नाहीयेस, पदराची खुंटीच काढून टाकतेयस.

उलट युरोपात बघ. व्हिक्टोरिया राणीचा १८४० सालचा लग्नाचा पांढरा साटिनचा झगा ऑफ-शोल्डर होता, वर लेस. तीच व्हिक्टोरिया, जिच्या नावाने आपण आजही 'व्हिक्टोरियन सोवळेपणा' म्हणून नाकं मुरडतो! त्या काळी तिकडे दिवसा गळ्यापर्यंत बंद आणि रात्रीच्या मेजवानीला खांदे उघडे, असा शिष्टाचारच होता. विंटरहाल्टर या चित्रकाराने १८५५ मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी आणि तिच्या सख्यांचं मोठं चित्र काढलं. बागेत बसलेल्या सगळ्या बायका, सगळ्यांचे खांदे मोकळे, आणि एकीच्याही चेहऱ्यावर आपण काही धाडस केलंय असा भाव नाही. 

चष्मिष्ट

वा, धागेदोरे! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). (आणि 'वडीलधाऱ्या'. बोट घसरलंय.)

धागेदोरे

घसरलं खरं. राहू दे आता.

ढळण्यावरून आठवलं. सार्जंट नावाच्या चित्रकाराने १८८४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एका बाईचं चित्र ठेवलं, 'मादाम एक्स'. काळा झगा, गोरीपान बाई, मान वळवलेली. झग्याला खांद्यावर दोन बारीक रत्नजडित पट्ट्या, त्यातली उजवी खांद्यावरून खाली घसरलेली दाखवली होती. झालं! एवढी बोंबाबोंब झाली की बाईची आई चित्र उतरवा म्हणून मागे लागली. नंतर सार्जंटने ती पट्टी पुन्हा खांद्यावर चढवून रंगवली. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात चित्र आहे ते पट्टी वर असलेलंच.

मला त्यातली गंमत ही वाटते की तिथे त्या काळी उघडा खांदा कुणाला नवा नव्हता. तीस वर्षांपूर्वी राजवाड्यातल्या बायका तशाच बसल्या होत्या की. टोचलं ते घसरणं. मुद्दाम उघडा ठेवलेला खांदा हा पोशाख, आणि आपोआप उघडा पडलेला खांदा ही गोष्ट. लोक गोष्टी रचायला लागतात.

आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसात गेलीस तर रविवर्म्याच्या बायका याच नजरेने बघ. सयाजीरावांनी त्याच्याकडून पौराणिक चित्रं करून घेतली ती इथेच. पदर आत्ता उतरेल असं वाटत राहतं आणि उतरत नाही. मी शिकत असताना वर्गासोबत गेले होते, पाऊण तास फक्त पदराच्या चुण्या वहीत काढत बसले.

ओल्या_काजूची_उसळ

एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. केरळात जुन्या त्रावणकोर संस्थानात काही जातींच्या बायकांना अंग झाकायची परवानगीच नव्हती. त्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं मार खाल्ला, दंगली झाल्या, तेव्हा कुठे १८५९ मध्ये नाडर बायकांना वरचं अंग झाकायची मुभा देणारा जाहीरनामा निघाला. त्यामुळे 'आपल्याकडे पूर्वी सगळं मोकळंच होतं, ब्लाउज इंग्रजांनी आणला' हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते वाचताना जरा जपून. मोकळं ठेवणं आणि मोकळं ठेवायला लावणं यांत फरक आहे.

धागेदोरे

हे महत्त्वाचं. धन्यवाद, उसळ.

रावपुऱ्याची_मैना

बापरे, मी शिलाई विचारायला आले होते. पण वाचतेय, लिहा लिहा.

आजीला धागेदोरेचं खुंटीवालं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग बरोबर बोलली ती. पदर कुठे अडकवणार ते सांग आधी."

तिरकी_पट्टी

आता माझं ऐका. वीस वर्षं ब्लाउज शिवतेय, घरीच, दोन मशिनी आहेत. ऑफ-शोल्डर हा गळ्याचा प्रकार नाही. तो मुंढ्याचा (बाही जिथे जोडतात त्या घेराचा) प्रश्न आहे आणि बहुतेक जण तो गळा समजून कापतात, तिथेच चुकतात.

नेहमीच्या ब्लाउजला खांदा हा खुंटीसारखा असतो, सगळं वजन तिथे टांगलेलं. ऑफ-शोल्डरला ती खुंटी नाही. मग कपडा धरून काय राहणार? सोप्या कामात वर एक नेफा करून इलास्टिक घालतात आणि बाही दंडाला इलास्टिकनेच बसवतात. तू हात वर केलास की दंड बाहीला वर नेतो, बाही अंगाला शिवलेली म्हणून ती पुढचं-मागचं कापड घेऊन वर जाते. खांद्यापाशी घेर कमी, त्यामुळे इलास्टिक तिथे जाऊन आवळून बसतं. हात खाली आला तरी ते परतत नाही. तुझी चोळी चढत होती ती यामुळे. मास्तरांचा हात वाईट नसेल, कापणीच तशी.

उपाय एक, जुन्या चोळीला आजच करता येईल असा. काखेतून जाणारं बारीक इलास्टिक. एक टोक पुढच्या आडव्या काठाला आतून, दुसरं मागच्या काठाला, दोन्ही बाजूंना तसंच. कपडा घातला की ते इलास्टिक बरोबर काखेखालून गेलं पाहिजे. हात वर केला की काठ वर जायला बघतो, पण काख त्याला अडवते. आधी सेफ्टीपिन लावून लांबी बघ, मग शिव. फार आवळू नकोस, वळ उठतात.

उपाय दोन, नवीन शिवताना. आधी बाह्या विसर. ब्लाउज बिनबाह्यांचा, बिनखांद्याचा, स्वतःच्या जिवावर उभा राहील असा शिव. प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणींचा), आत कॉटनचं घट्ट अस्तर, आणि शिवणींतून प्लास्टिकच्या काड्या, बोनिंग म्हणतात ते. पूर्वी तिकडे देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या वापरत. आणि सगळ्यात आत, कंबरेपाशी, न ताणणारी रिबन, तिला वेगळा हूक. ही रिबन कुणाला दिसत नाही पण सगळं काम तीच करते. कपडा खांद्याला टांगायच्या ऐवजी कंबरेवर उभा राहतो. चंदेरीवर लांब ब्लाउज कर, बेंबीच्या वर दोन बोटांपर्यंत आला तरी चालेल, पकड जास्त मिळते.

हे सगळं झालं की बाही. ती अंगाला पूर्ण शिवायचीच नाही, काखेपाशी थोडी पकडायची. वरून ती नुसती दंडावर बसलेली पट्टी. हात वर गेला तर बाही एकटी जाते, ब्लाउज जागेवर. आणि बाही जोडायचीच असेल तर काखेत चौकोनी तुकडा टाका. जुन्या कुडत्यांना, अंगरख्यांना असतो ना, चौबगला, तोच.

माप घेताना हात खाली सोडून दोन्ही दंडांसकट घेर घ्यायचा, जिथे काठ बसणार तिथे. इलास्टिक त्या घेरापेक्षा दोन-तीन इंच कमी. आणि ट्रायलला आरशासमोर उभं राहून पोटं आत घेऊ नका. हात वर करा, वाका, खुर्चीवर बसा, बूट घातल्यासारखं करा. शिंप्यासमोर लाज वाटते म्हणून बायका सरळ उभ्या राहतात, आणि मग लग्नात रडतात.

सराफ्यातली_खाऊगल्ली

तिरकी पट्टी, साष्टांग नमस्कार. तुम्ही इंदूरला का नाही राहत?

मांडवीखालचा

बायको विचारतेय, आतून लावायची ती चिकट रबरासारखी पट्टी मिळते तिचा उपयोग होतो का?

तिरकी_पट्टी

सिलिकॉनची. होतो, पण कोरड्या अंगावर. लोशन लावलं, पावडर लावली, घाम आला की सरकते. नवरात्रात बडोद्यात काय उकडतं ते मी सांगायला नको. ती साखळीच्या दुसऱ्या कडीसारखी समजा, पहिली नव्हे. काहींच्या कातडीवर पुरळही येतं, आधी घरी दोन तास लावून बघा. पारदर्शक पट्ट्यांची ब्रा हा विषय काढू नका, माझं डोकं फिरतं. त्या पारदर्शक नसतात. दिव्याखाली चकाकतात.

निवृत्त_मास्तरीण

+१ चकाकण्याला. सेलोटेप लावल्यासारखं दिसतं.

शिंदेशाही

ग्वाल्हेरहून लिहितेय. मैना, चंदेरी निवडलीस ते फार उत्तम केलंस. (चंदेरी गाव आमच्या जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं, त्यामुळे थोडा अभिमान सहन करा.) आजीचा प्रश्न खरा आहे, पदर अडकवायचा कुठे. मी एकदा पैठणीवर हा प्रयोग केला आणि भोगलं. पदराची जरी एवढी जड की पिन ब्लाउजच्या काठाला लावली तर पदर ब्लाउजलाच खाली ओढायला लागला. संबंध जेवण मी डाव्या हाताने पदर धरून जेवले. चंदेरी हवेसारखी. पदराच्या निऱ्या बारीक करून पिन काठाला न लावता काखेजवळच्या उभ्या शिवणीला लाव, जिथे बोनिंग आहे. तिथे ताण सहन होतो. पदर उघड्या खांद्यावर नुसता टेकेल. पिन टोचत नाही आणि दिसतही नाही.

शिफॉन असती तर आणखी सोपं. आणि शिफॉन साडीचं नाव निघालं की बडोद्याचं नाव आलंच! तुमच्या सयाजीरावांची लेक इंदिराराजे, कूचबिहारची महाराणी झाली ती. शिफॉनच्या साड्या राजघराण्यांत चालू करण्याचं श्रेय तिलाच देतात. गायत्रीदेवींची आई. घरच्यांनी आमच्या माधवराव शिंद्यांशी ठरवलेलं लग्न तिने स्वतः पत्र लिहून मोडलं, हा हिशेब ग्वाल्हेरकर विसरलेले नाहीत. :)

मांडवीखालचा

बडोदेकरांतर्फे उशिराने दिलगिरी.

चष्मिष्ट

मला कुणी एक सांगा. २०१६-१७ च्या सुमारास ते खांद्यावर भोक असलेले टॉप आले होते, बाही आहे, गळा आहे, फक्त खांदा कापलेला. मंगळबाजारात ढिगाने. मी चार घेतले होते. ते कुठे गेले?

धागेदोरे

कोल्ड शोल्डर. कुठे जातायत, फरशी पुसायला. तो प्रकारही त्या वर्षीचा नव्हे. डोना करन या डिझायनरचा काळा कोल्ड शोल्डर ड्रेस हिलरी क्लिंटनने १९९३ मध्ये व्हाइट हाउसमधल्या मेजवानीला घातला होता, तेव्हाही टीका झालीच. मला स्वतःला तो कधी आवडला नाही. भोक पाडल्यावर नजर भोकाकडेच जाते. ऑफ-शोल्डरमध्ये एक लांब आडवी रेघ मिळते, त्या रेघेवर मान आणि चेहरा ठेवल्यासारखा दिसतो. या काठाला फ्रेंच नटी ब्रिजित बार्दोवरून 'बार्दो नेकलाइन' म्हणतात, तिने १९५० च्या दशकात तो फार लोकप्रिय केला.

आणि दागिना! हिंदीत गळ्याखालच्या हाडाला हँसली म्हणतात ना, तिथे घालायच्या दागिन्यालाही हँसलीच म्हणतात. जिथे तो टेकतो ते हाड. म्हणजे या हाडावर काय शोभतं ते आपल्याकडे केव्हाच ठरलंय. मैनाच्या मैत्रिणीच्या त्या आत्येसासूबाईंनी ठुशी घातली होती ते अगदी नेमकं. ठुशी किंवा चिंचपेटी घाल, मानेलगत, आणि खाली सगळं रिकामं ठेव. लांब हार घातलास तर ती आडवी रेघ मधोमध तुटते. तन्मणी सुंदर, पण इथे नको.

सराफ्यातली_खाऊगल्ली

अहो, पण दंड? कुणी दंडांबद्दल बोलेना. मी ॲक्टिव्हावरून फिरते. कोपरापासून खाली चहा, वर दूध. मध्ये ब्लाउजच्या बाहीची आखीव रेघ.

शिंदेशाही

त्याला इलाज म्हणजे बाही त्या रेघेवर आणायची. खरंच सांगतेय. ऑफ-शोल्डरची बाही कोपरापर्यंत घेतली की दंड झाकला जातो आणि दिसतो तो फक्त खांद्याचा गोल भाग आणि गळा. आणि तो भाग बहुतेकींचा आयुष्यभर कपड्यात राहिलेला, ऊन न लागलेला, वयही फारसं न दाखवणारा. जाड-बारीक सगळ्यांचा चांगला असतो. स्लीव्हलेसमध्ये जे संकोच होतात ते यात होत नाहीत, लोकांना उलटं वाटतं.

ओल्या_काजूची_उसळ

बीसीजीचा व्रण दिसतो पण.

निवृत्त_मास्तरीण

दिसू दे की. डाव्या दंडावर तो नाही असा आपल्या पिढीचा माणूस दाखवा. माझ्या दंडावर तर बीसीजीच्या शेजारी देवीच्या लशीचेही दोन आहेत, दोन रुपयांच्या नाण्याएवढे, कडेने चुणीदार. लहानपणी वाटायचं सगळ्या मोठ्या माणसांना ते जन्मतःच असतात. माझ्या सुनेच्या दंडावर नाहीत, कारण १९८० पर्यंत देवी जगातूनच गेली. एकदा ती मेकअपवाल्या मुलीला सांगत होती, आईंचे डाग झाका. मी म्हटलं, हात लावू नकोस.

कडू_कारलं

माझ्याही दंडावर आहेत दोन.

निवृत्त_मास्तरीण

या, बसा.

मांडवीखालचा

अवांतर : सेवउसळ खायला गेलेले परत आले का? येताना लिलो चेवडो आणा.

रावपुऱ्याची_मैना

मंडळी, मधे गायब होते. लग्न झालं. वृत्तांत लिहिते, फोटो टाकणार नाही, मागू नका.

आधी जुनी चोळी. काखेतलं इलास्टिक लावलं, रात्री अकरा वाजता, दिवाणखान्यात तीन टाळी खेळून बघितली, नवरा बातम्या बघत होता. चोळी बोटभर वर गेली, हात खाली येताच परत. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या गरब्यात तीच घातली. मुलगी म्हणाली, आज हात बरा आहे वाटतं.

नवीन ब्लाउज मात्र मी त्याच मास्तरांकडे टाकला. तिरकी पट्टीचं सगळं छापून नेलं. त्यांनी पहिल्यांदा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बेन, आ तो ऊपर चढी जशे." मी म्हटलं, मागच्या वेळी चढली म्हणून तर हे आणलंय. कंबरेची आतली रिबन त्यांना पटेचना. "अंदर कोण जोशे?" म्हणजे आत बघणार कोण. मी म्हटलं, कुणीच नाही, पण लावा. ट्रायलला त्यांनी स्वतःच सांगितलं, हात ऊंचा करो. केला. वाका म्हणाले. वाकले. ब्लाउज हलला नाही. मास्तर स्वतःच्या कामाकडे असे बघत राहिले जणू ते दुसऱ्याच कुणी केलंय. मग रिबनचा उरलेला तुकडा त्यांनी गुंडाळून गल्ल्यात ठेवला.

रिसेप्शन. मोतिया चंदेरी, गडद मेंदी रंगाचा ब्लाउज, कोपरापर्यंत बाह्या, पदराची पिन काखेजवळच्या शिवणीला (शिंदेशाही, जिंदाबाद), ठुशी. पहिली दहा मिनिटं मला खांद्यांवर वारा लागतोय एवढंच कळत होतं. कातडीला सवय नव्हती. कुणीतरी मागून हात ठेवल्यासारखं सारखं वाटायचं आणि मी वळून बघायची. मग पाहुणे सुरू झाले, भटजींची दक्षिणा कुठे ठेवली त्याचा घोळ झाला, काकांची इन्सुलिन गाडीत राहिली ती आणायला पळाले, आणि खांदे विसरून गेले. ते आठवले थेट घरी येऊन ठुशी काढताना.

आजी व्हीलचेअरवर होती. मी पाया पडले तशी तिने खांद्यापासून दंडापर्यंत बोट फिरवलं, बाहीचा काठ चिमटीत धरून आतली शिवण उलटी करून बघितली. ती स्वतः पूर्वी घरातल्या सगळ्यांच्या चोळ्या शिवायची.

"कर बघू हात वर," म्हणाली.

केला.

"दुसरा."

तोही केला. सगळ्या पाहुण्यांसमोर, स्टेजच्या पायऱ्यांशी, दोन्ही हात वर करून मी उभी. फोटोग्राफरने तोच फोटो काढलाय.

"पदर पडेल तुझा," एवढं बोलून तिने मला खाली वाकवलं आणि पदराच्या निऱ्या तिच्या हिशोबाने परत लावून दिल्या. मग विचारलं, शिलाई किती. मी आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

तिरकी_पट्टी

रिबन लावली ना. बास.

सराफ्यातली_खाऊगल्ली

मास्तरांचा नंबर विचारपुशीत (विपु) टाका प्लीज. फेब्रुवारीत बडोद्याला येतेय.

रावपुऱ्याची_मैना

विपु केलीय. ट्रायलला सैल चपला घालून जा, ते हल्ली सगळ्यांना दुकानातच गरबा करायला लावतात.